साध्या फौजीचं आयुष्य लिहून काढायचं असेल तर

ज्यांच्या छातीवर वीरचक्र नाही, ज्यांचं नाव कुठल्या चौकाला दिलेलं नाही, जे अठराव्या वर्षी भरती झाले, पोस्टिंगमागून पोस्टिंग करत राहिले आणि एक दिवस काळी ट्रंक घेऊन गावच्या फाट्यावर एसटीतून उतरले, त्या माणसांबद्दल हे लिहितोय. आमच्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात घरटी नाही तरी भावकीत एखादा फौजी सापडतोच. आपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी गावाच्या नावातच फौज असलेली गावंही आमच्याच भागात आहेत. आपशिंग्यातल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात जीव दिला. पण या गावांतल्या किती घरांत आजोबांच्या नोकरीची चार पानं लिहून ठेवलेली असतील? मानाच्या जागी फोटो असतो, त्याला हार असतो, आणि नातवाला विचारलं तर "मिलिटरीत होते" एवढंच सांगता येतं.

मी पलटणीत क्लार्क होतो. जवान रजेवर गेला, परत आला, लग्न झालं, मुलगी झाली, कोर्स पास झाला, हॉस्पिटलात पडला, यातल्या प्रत्येक गोष्टीची पार्ट टू ऑर्डर निघते आणि ती त्याच्या कागदपत्रांवर चढते. अशा ऑर्डरी टाइप करण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: फौजीच्या तारखा सरकारकडे नीट असतात, पण त्या तारखांच्या मधला माणूस कुठेच नोंदलेला नसतो. पेन्शनीवर आल्यापासून आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या जवानांजवळ बसून, त्यांच्या नातवंडांना हाताशी धरून, तो माणूस लिहून काढायचं काम मी करतो. ते कसं करायचं ते सांगतो.

आधी कागद, मग प्रश्न

सुरुवात डिस्चार्ज बुकापासून, म्हणजे फौज सोडताना मिळालेल्या पुस्तकापासून करा. आजोबांच्या ट्रंकेत किंवा कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ते असतंच. त्यात भरतीची तारीख, पेन्शनीची तारीख, शेवटचा रँक, ट्रेड, मेडलं, अंगावरच्या ओळखखुणा आणि कॅरेक्टरचा शेरा असतो. 'एक्झेम्प्लरी' हा त्यातला सर्वांत वरचा शेरा. तो असेल तर आधी तोच त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. बरेच जण बाहेर येताना ते पुस्तक जे बंद करतात, ते पुन्हा फक्त सरकारी कामालाच उघडतात. त्यात आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवलं की माणूस बोलायला लागतो.

रँक मात्र याच पुस्तकातून घ्या. गावात प्रत्येक फौजीला 'मेजर' म्हणतात. ती मायेची हाक आहे. पण लिहिताना लान्स नाईक असेल तर लान्स नाईकच लिहा, त्यात कसलाही कमीपणा नाही. नंबरही बघून घ्या. नायब सुभेदार झालेल्याचा नंबर बदलतो आणि पुढे 'जेसी' (ज्युनियर कमिशन्ड) लागतं, त्यामुळे एकाच माणसाच्या कागदांवर दोन नंबर दिसले तर गोंधळू नका.

पुस्तक हरवलं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथून अर्ज कसा करायचा ते सांगतात, आणि अर्ज शेवटी त्या-त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला. अर्जावर माजी सैनिकाची स्वतःची सही लागते, आणि तो हयात नसेल तर वारसाची. ज्यांना पेन्शन नव्हती त्यांची कागदपत्रं ठरावीक वर्षांनी नष्ट करतात, म्हणून यात चालढकल नको.

मेडल हातात घेऊन बघा

मेडलांकडे लोक लांबून बघतात. तुम्ही ते हातात घ्या, उजेडात तिरकं धरा आणि कडा बघा. चेहऱ्यावर काय छापलंय ते राहू द्या, कडेवर बोट फिरवा. तिथे बारीक अक्षरांत नंबर, रँक, नाव आणि पलटण कोरलेली असते. अक्षरं काळवंडली असतील तर सुक्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा. ब्रासो लावू नका. घासून-घासून चकचकीत केलेल्या मेडलाच्या कडेवरचं नाव निम्मं झिजलेलं मी पाहिलंय. कडेवर रँकही कोरलेला असतो, म्हणून त्यावरून त्या काळात आजोबा शिपाई होते की नाईक, त्याचा अंदाज येतो.

मग कोणतं मेडल कशाचं ते लावून घ्या. १९७१ च्या लढाईतला पूर्वी स्टार म्हणजे माणूस बांगलादेशाच्या बाजूला होता, पश्चिमी स्टार म्हणजे पश्चिम आघाडीवर. संग्राम मेडल त्या वेळी सेवेत असलेल्या बाकीच्यांनाही मिळालं. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल. सैन्य सेवा मेडलाच्या फितीवर एक आडवी पट्टी असते, तिच्यावर 'हिमालय', 'जम्मू कश्मीर', 'मरुस्थल' असं लिहिलेलं असतं. माणूस कुठे राबला हे ती पट्टीच सांगते. १९७२ आणि १९९७ ला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाची मेडलं निघाली. नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या नोकरीची वेगळी असतात. या शेवटच्यांना घरचे लोक 'ती काय, सगळ्यांनाच मिळतात' म्हणतात. वीस वर्षं घरापासून लांब काढल्याचं मेडल आहे ते. मला ते स्टारच्या बरोबरीचं वाटतं.

ट्रंकही बघा. झाकणावर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव, पलटण लिहिलेलं असतं. बढती झाली की जुना रँक रंगवून वर नवा लिहितात. खरवडू नका, नुसता टॉर्चचा उजेड बाजूनं मारा. 'हवालदार'च्या खाली 'नाईक' दिसतं, कधी त्याच्याही खाली आणखी काही. आणि फोटोंच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो: अंबाला, जालंधर, झाशी, तेजपूर. तो लिहून घ्या.

दोन रकान्यांची वही

आता खरं काम. एक जाड वही घ्या. दर वर्षाला एक पान. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे पलटण, उजवीकडे घर.

"सालं सांगा" म्हटलं तर कुठलाही म्हातारा माणूस अडखळतो. फौजी तर काळ मोजतो तो साहेबांवरून. "अमुक साहेब सीओ होते त्या टायमाला" ही त्याची कालगणना. म्हणून सीओंची, म्हणजे पलटणीच्या प्रमुख साहेबांची, नावं क्रमानं काढून घ्या. कुठली पोस्टिंग पीस (शांत छावणीतली), कुठली फिल्ड (सीमेवरची), हेही क्रमानं. इन्फन्ट्रीची पलटण दोन-तीन वर्षांनी हलते, त्यामुळे जागांची माळ एकदा जुळली की डावा रकाना जवळपास उभा राहतो.

उजवीकडच्या रकान्याला घरच्या मोठ्या घटना लागतात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला झाला. "तेव्हा तुम्ही कुठं होता, आणि घर धड आहे हे तुम्हाला कधी कळलं?" एवढं विचारा. एका नानांनी मला सांगितलं, की ते काश्मिरात होते, बातमी रेडिओवर ऐकली, आणि घरचं पत्र येईपर्यंत सेंट्री ड्युटीवर प्रत्येक वेळी पोस्टाच्या गाडीची वाट बघत उभे राहायचे. त्यांच्या डिस्चार्ज बुकात त्या दिवसांचं काहीच नाही. त्यांच्या कुटुंबालाही हे माहीत नव्हतं, कारण त्यांनी उलट टपाली फक्त 'इकडील सर्व क्षेम' लिहिलं होतं.

१९७२ चं पान तर सावकाश भरा. डिसेंबर १९७१ मध्ये लढाई संपली, जवानाला मेडल मिळणार होतं, आणि त्याच सुमाराला गावात दुष्काळ पडला. डाव्या रकान्यात विजय, उजव्या रकान्यात बायको दुष्काळी कामावर खडी फोडतेय, पोरं सुकडी खातायत, घरात लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी. त्याची मनीऑर्डर किती दिवसांनी पोचायची, त्यातून काय भागायचं, बैल विकले की ठेवले, हे विचारा. मी जी आयुष्यं लिहिली त्यांतलं सर्वांत जड पान बहुतेक हेच निघालं. ज्यांची नोकरी पुढची, त्यांच्यासाठी खुणा पुढच्या: १९८४ चं सियाचीन, १९८७ ते १९९० चं श्रीलंकेतलं शांतिसेनेचं काम, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, १९९९ चं कारगिल, २००१-०२ चं ऑपरेशन पराक्रम. पराक्रमच्या वेळी महिनोन्महिने सीमेवर नुसतं तयार बसावं लागलं. लढाई झाली नाही म्हणून त्या महिन्यांबद्दल कुणी विचारतच नाही. तुम्ही विचारा.

काय विचारायचं आणि काय नाही

"लढाईत काय केलंत?" हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनी गावाला सांगून-सांगून गुळगुळीत झालेलं असतं. "किती मारले?" हे तर कधीच नाही.

लहान वस्तूंपासून सुरू करा. भरतीला कुठल्या मैदानावर उभे राहिलात? छाती मोजताना काय झालं? सोबत गावातलं कोण होतं, आणि कोण नापास होऊन परत गेलं? सेंटरला पहिल्या दिवशी केस कापल्यावर एकमेकांना ओळखलंत का? उस्ताद कुठला होता? हिंदी कधी यायला लागली? रायफलचा बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा नंबर, किती? हा शेवटचा प्रश्न आवर्जून विचारा. नातवाचा मोबाइल नंबर आठवत नाही असा माणूस थ्री-नॉट-थ्रीचा किंवा एसएलआरचा बट नंबर झटकन सांगतो, आणि मग ती रायफल साफ करताना शेजारी कोण बसायचं तेही सांगतो. तिथून पुढे विचारावं लागत नाही, फक्त लिहावं लागतं.

मग रोजचा दिवस घ्या. सकाळची पीटी, फॉलइन (रांगेत उभं राहणं), लंगरमधली चहाची रांग, संध्याकाळची गिनती (हजेरी). फिल्डमध्ये असाल तर पहाटेचं आणि संध्याकाळचं स्टँड-टू (हत्यार घेऊन सज्ज राहणं), बंकरमधली बुखारी (उबेची शेगडी), पाण्याचे जेरिकॅन, आंघोळ किती दिवसांनी. आजारी पडल्यावर कोणी पाहिलं. बडाखान्याला (सगळ्या पलटणीच्या एकत्र जेवणाला) सीओ साहेब शेजारी येऊन बसले तेव्हा काय बोलले. सणाला कोण रडलं. साध्या फौजीच्या नोकरीतली बहुतेक वर्षं पहारा देण्यात, ओझं वाहण्यात, खोदण्यात आणि वाट बघण्यात जातात. देशाची सीमा याच कामावर उभी आहे. तेव्हा या भागाला सर्वांत जास्त पानं द्या, जरी सांगणारा "त्यात काय सांगायचं" म्हणाला तरी.

बसायची वेळ सकाळची ठेवा. ही माणसं अजूनही पहाटे उठतात आणि नऊच्या आत त्यांचं डोकं सर्वांत लख्ख असतं. पारावर, चारचौघांत बसवू नका. चारचौघांत माणूस पलटणीची गोष्ट सांगतो, एकटा असला की स्वतःची. मात्र नंतर एकदा त्याच पलटणीतला दुसरा माणूस शेजारच्या गावातून बोलावून दोघांना एकत्र बसवा. तारखा, नावं, जागा यांची दुरुस्ती ते एकमेकांची स्वतःच करतात. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पण त्यांना आधी विचारून, आणि वहीत दोन खुणा वेगळ्या ठेवा: जे त्यांनी स्वतः पाहिलं त्याला एक, जे ऐकलं त्याला दुसरी. पुढे हे वेगळं काढता येत नाही.

एखाद्या सोबत्याचं नाव आलं आणि ते गप्प झाले, तर तुम्हीही गप्प राहा. फोन बंद करा. "मग पुढे?" म्हणू नका. ते त्या दिवशी बोलतील, महिन्यानं बोलतील, किंवा बोलणार नाहीत, आणि तिन्ही ठीक आहे. अशा बोलण्यानंतर झोप उडाली, जुनी स्वप्नं पुन्हा पडू लागली, तर लाजायचं कारण नाही. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यात, डॉक्टरांना सांगा, ते पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही आहे. लिखाण दोन महिने थांबलं तरी चालेल.

काही गोष्टी लिहायच्याच नाहीत. खबरे, गुप्त मोहिमा, आजही वापरात असलेल्या पोस्ट, रस्ते, संकेत. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट १९२३ चा आहे आणि तो पेन्शनीनंतरही लागू असतो. "हे नको लिहू" असं आजोबा म्हणाले की तिथेच पेन ठेवायचं. आणि जे लिहाल ते कुणाला पाठवताना नंबर, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, स्पर्श या पेन्शनच्या पोर्टलचा लॉगिन, बँक खातं यातलं काही त्यात राहू देऊ नका. मेडलच्या कडेचा फोटो टाकायचा असेल तर नंबर झाका. पेन्शनरांना फोन करून फसवणारे याच माहितीवर टपलेले असतात.

आजीची वही वेगळी

हे कुणी करत नाही, म्हणून ठासून सांगतो. फौजीचं निम्मं आयुष्य त्याच्या बायकोकडे आहे. तिच्याजवळ वेगळं बसा, आजोबा शेतावर गेलेले असताना.

दोन महिन्यांची वार्षिक रजा सोडली तर ही बाई वर्षभर सासू-सासरे, गुरं, पेरणी, पोरांची आजारपणं एकटीनं निभावत होती. पत्र कोण वाचून दाखवायचं, मास्तर की पोस्टमन? स्वतःच्या मनातलं परक्याकडून लिहून घेताना काय गाळायची? तार आली म्हटल्यावर अंगणात काय व्हायचं? पोरगं पहिल्यांदा बापाला कधी भेटलं, आणि त्याच्याकडे गेलं का? फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हा आगगाडीचा तो पहिला प्रवास कसा झाला, तिथे शेजारीण कुठली होती, तिच्याकडून काय शिकली? अनेक आज्यांच्या तोंडी पंजाबी किंवा गढवाली शेजारणीचं नाव अजून असतं.

जुनी इनलँड पत्रं सापडली तर ती इस्त्री करून सपाट करायला जाऊ नका. मोठ्या पुस्तकाखाली ठेवा, मग फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. 'मार्फत ५६ एपीओ' या फौजी टपालाच्या पत्त्यावरून जागा कळत नाही, तो पत्ता जागा लपवण्यासाठीच असतो. पण शिक्क्याची तारीख वहीतल्या डाव्या रकान्याशी लावली की जागा सापडते.

ट्रंक घरी आल्यानंतर

बहुतेक जण इथे लिखाण संपवतात: 'अमुक साली सेवानिवृत्त झाले.' अहो, पस्तिशी-चाळिशीत पेन्शनीवर आलेल्या माणसाचं त्याहून मोठं आयुष्य पुढे असतं. पेन्शन विकून, म्हणजे कम्युटेशनचे, जे पैसे एकदम हातात आले त्यातून काय झालं? विहीर, पत्र्याचं घर, बहिणीचं लग्न? बँकेत गार्डची, साखर कारखान्यावर वॉचमनची नोकरी लागली तेव्हा पुन्हा युनिफॉर्म चढवताना काय वाटलं? वीस वर्षं सगळं वेळेवर करणाऱ्याला भावकीतल्या बांधाच्या भांडणात किती तारखांना हेलपाटे घालावे लागले? किती पोरांना पहाटे मैदानावर पळवून भरतीला तयार केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावांसकट लिहा.

लिहिताना

'मातृभूमीच्या रक्षणासाठी प्राण पणाला लावून त्यांनी सीमेवर खडा पहारा दिला' असं लिहू नका. यात तुमचे आजोबा कुठेच नाहीत. त्यांचे शब्द तसेच ठेवा: 'पोस्टवर आम्ही दहा जण. पाणी खालच्या नाल्यातून. रात्री जेरिकॅन बंकरमध्ये घ्यायचा, नाहीतर सकाळी दगड. माझी ड्युटी दोन ते चार. त्या वेळेला झोप लई यायची, म्हणून मी मनातल्या मनात आमच्या गावची घरं मोजायचो, वरच्या आळीपासून.' लंगर, गिनती, बडाखाना हे शब्द बदलू नका. गरज वाटली तर शेवटी एका पानावर अर्थ द्या.

चांगलं-वाईट दोन्ही येऊ द्या. दारूची सवय, मुलांवरचा कडकपणा, बढती हुकल्याचं दुःख, हेही त्यांनी सांगितलं आणि ठेवा म्हणाले तर ठेवा. सगळं लिहून झालं की त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. खोडतील ते खोडू द्या. मग टायपिंग करा. पाच-सहा प्रती काढा: प्रत्येक मुला-मुलीला एक, गावच्या शाळेला एक. मुलींना विसरू नका, बापाची पत्रं बहुतेक वेळा त्यांनीच जपून ठेवलेली असतात. आवाजाचं रेकॉर्डिंग दोन वेगवेगळ्या जागी ठेवा, एकाच फोनवर नको.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ मात्र फोटो काढून त्याच दिवशी परत करा. ईसीएचएस, कॅन्टीन कार्ड, उद्या आजीची फॅमिली पेन्शन, सगळीकडे मूळ कागदच मागतात. आणि पार्ट टू ऑर्डरीत आजीचं नाव आणि जन्मतारीख बरोबर चढली आहे का तेही याच निमित्तानं तपासा. स्पेलिंगच्या एका अक्षराच्या फरकावरून विधवांची पेन्शन महिनोन्महिने अडकलेली मी पाहिली आहे, आणि आजोबा हयात असताना ती दुरुस्ती करून घेणं सोपं पडतं.